अष्टांगिक मार्गाची वाटणी

वैशाखी पौर्णिमेला बुद्धांच्या प्रतिमेला हार घालण्याची प्रथा आता जवळजवळ सर्वच राजकीय पक्षांत रुळली आहे. स्वतःला पुरोगामी म्हणविणारे पक्ष त्यात आहेत, आणि ज्यांचा सारा व्यवहार बुद्धांच्या शिकवणीच्या उलट दिशेने चालतो असे पक्षही आहेत. हार घातला, करुणा आणि शांती यांवर चार शब्द बोलून झाले, की पुढच्या वर्षापर्यंत निश्चिंती होते. दुसरीकडे बुद्धांचे नाव एका निराळ्याच बाजारात चालू लागले आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत कर्मचाऱ्यांना ध्यानाचे धडे दिले जातात. मनावरचा ताण हलका व्हावा आणि कामातील एकाग्रता वाढावी, हा हेतू तेथे लपविलाही जात नाही. कामाचे तास तसेच ठेवून त्या कामाने आलेला थकवा श्वासाकडे लक्ष देऊन कसा घालवावा, हे तेथे शिकविले जाते.

या दोन्ही प्रकारांत एक समान गोष्ट आहे. बुद्धांनी जो मार्ग सांगितला त्याची दोन्हीकडे वाटणी झाली आहे. बाजाराने समाधी उचलली आणि शील टाकून दिले. राजकारणाने समतेचा उच्चार उचलला आणि चित्ताची शिस्त टाकून दिली. वस्तुतः हा मार्ग आठ अंगांचा आहे आणि त्याचे तुकडे केले की तो मार्गच राहत नाही, अशी त्या परंपरेची मूळ भूमिका आहे. महाराष्ट्रात तर हा प्रश्न केवळ ग्रंथाभ्यासकांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात सुरू झालेल्या धर्मांतराच्या प्रवाहातून आलेली ही घराणी प्रामुख्याने श्रमिकांची आहेत. ज्या धम्माच्या आधारे या माणसांनी आपले माणूसपण परत मिळविले, त्या धम्माचा गाभा काय आहे, हे परिवर्तनाच्या चळवळीतील कार्यकर्त्यांना ठाऊक असलेच पाहिजे.

ध्यान सोडून उठलेले गौतम

बोधी म्हणजे नेमके काय घडले? नंतरच्या काळात चढलेले चमत्कारांचे थर बाजूला केले, तर मज्झिम निकायातील हकिगत बरीच साधी दिसते. गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतम प्रथम आळार कालाम आणि मग उद्दक रामपुत्त या दोन आचार्यांकडे गेले. त्या काळी ज्ञात असलेल्या ध्यानाच्या उंच अवस्था त्यांनी तेथे आत्मसात केल्या, आणि दोन्ही ठिकाणी त्यांना शिष्यगणाच्या नेतृत्वात स्थान देऊ करण्यात आले. परंतु या अवस्थांतून उठल्यावर मूळ प्रश्न जिथल्या तिथेच राहतो असे दिसल्यावर त्यांनी दोन्ही आश्रम सोडले. पुढे उरुवेलेला त्यांनी देहदंडाची पराकाष्ठा केली. शरीराचा सापळा झाला, ज्ञान मात्र झाले नाही. तेव्हा लहानपणी शेताच्या बाजूला जांभळीच्या सावलीत बसले असताना मनाला आलेली निर्मळ प्रसन्नता त्यांना आठवली. या सुखाला भिण्याचे कारण काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि अन्न घेण्यास सुरुवात केली. गौतम भ्रष्ट झाले, असे समजून बरोबरचे पाच तपस्वी त्यांना सोडून गेले.

या हकिगतीतील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. केवळ ध्यानाने मुक्ती मिळते हा सिद्धान्त बुद्धांनी बोधीपूर्वीच, त्या विद्येत पारंगत झाल्यानंतर, अपुरा ठरविला होता. ध्यान त्यांनी टाकले नाही; त्याला एका मोठ्या रचनेत जागा दिली. ती रचना त्यांनी सारनाथजवळच्या ऋषिपतनात त्याच पाच तपस्व्यांपुढे मांडली. एका टोकाला भोगात बुडणे आणि दुसऱ्या टोकाला देहाला पीडा देणे, ही दोन्ही टोके टाळणारा तो मध्यम मार्ग होय. मध्यम म्हणजे अर्धे हे आणि अर्धे ते अशी तडजोड नव्हे. दोन्ही टोकांना माणूस स्वतःतच गुरफटलेला असतो आणि दुःखाच्या कारणाकडे पाहत नाही, असे त्यामागील निरीक्षण आहे.

याच प्रवचनात चार आर्यसत्ये आली. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध होऊ शकतो, आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे. ही चार सत्ये बहुधा चार विधानांसारखी पाठ केली जातात. मूळ प्रवचनात मात्र प्रत्येक सत्याला एक कार्य जोडलेले आहे. दुःख नीट जाणून घ्यावयाचे आहे, त्याचे कारण सोडावयाचे आहे, निरोध प्रत्यक्ष अनुभवावयाचा आहे आणि मार्गाची वाढ करावयाची आहे. जे जाणून घ्यावयाचे त्यापासून पळ काढला, किंवा जे सोडावयाचे त्यावर नुसती चर्चा केली, तर सत्य कळले असे बुद्ध म्हणत नाहीत. आजारी माणसाने रोगाचे नाव घोकावे आणि औषध घेऊ नये, तशातलाच तो प्रकार होईल.

मार्गाची आठ अंगे अशी : सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा, सम्यक कर्मान्त, सम्यक आजीव, सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी. परंपरेने यांचे तीन गट केले. पहिली दोन प्रज्ञेची, मधली तीन शीलाची आणि शेवटची तीन समाधीची. परंतु हे गट म्हणजे एकामागून एक ओलांडावयाचे जिने नाहीत. मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात सम्यक समाधीची व्याख्याच मुळी बाकीच्या सात अंगांच्या परिवारासह असलेली एकाग्रता अशी केली आहे. एकाग्रता नेम धरून बसलेल्या शिकाऱ्याचीही असते आणि सट्टेबाजाचीही असते. तिला सम्यक हे विशेषण लागावयाचे तर ती ज्या जीवनातून उगवते ते जीवन तपासले पाहिजे. कचेरीतील ध्यानवर्गात नेमकी हीच तपासणी वगळली जाते.

तृष्णा आणि दंड

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुःखाचे कारण तृष्णा आहे असे म्हटले, की दुःखाची सारी जबाबदारी दुःखी माणसावरच येऊन पडते. ज्याची जमीन सावकाराने गिळली, ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याला तुझ्या दुःखाचे मूळ तुझ्या वासनेत आहे असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा आक्षेप नजरेआड केला नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका उपस्थित केली. ही सत्ये निराशावादाचा समज पसरवितात. ती मूळ शिकवणीत होती की भिक्षूंनी मागाहून घातली, असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दैन्य ठरते ही कल्पना तर त्यांनी ठामपणे नाकारली. तिच्यामुळे दरिद्री माणसाला त्याच्या दारिद्र्यासाठी अपराधी ठरविता येते आणि समाज नामानिराळा राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

या आक्षेपाचे उत्तर शोधावयाचे तर तृष्णा हा शब्द बुद्धांनी कोणत्या अर्थाने वापरला ते पाहिले पाहिजे. दीघ निकायातील महानिदान सुत्तात आनंदाला उद्देशून एक कार्यकारणांची साखळी सांगितली आहे. तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून हे माझे आणि हे तुझे असा निवाडा, त्यातून आसक्ती, आसक्तीतून परिग्रह म्हणजे मालकी, मालकीतून कृपणता आणि कृपणतेतून संपत्तीचे रक्षण. रक्षणाची पाळी आली की हातात काठ्या आणि शस्त्रे येतात, भांडणे, शिवीगाळ, चहाडी आणि असत्य सुरू होते. म्हणजे तृष्णा ही केवळ एकट्या माणसाच्या मनात जळणारी आग नाही. ती मालकीचे रूप घेते, मालकीला पहारा लागतो आणि पहाऱ्याला शस्त्र लागते. ज्या माणसाची जमीन गेली त्याच्या दुःखामागेही तृष्णा आहेच. पण ती त्याची नसून जमीन घेणाऱ्याची आहे, आणि कागदपत्रे, कचेऱ्या व दंडशक्ती यांच्या आधाराने ती उभी आहे. या सुत्ताला धरून पाहिले तर दुसरे आर्यसत्य पीडिताला दोष देणारे राहत नाही.

दारिद्र्याविषयीही निकायांत स्पष्ट विवेचन आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. राज्याचे बाकी सारे तो नीट सांभाळतो, परंतु निर्धनांना धन देण्याची व्यवस्था करीत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी येते, चोरीला आळा घालण्यासाठी राजा शिरच्छेद करू लागतो, ते पाहून चोरही शस्त्रे धरतात, आणि हत्या, असत्य व परस्परांतील अविश्वास यांनी सारा समाज पोखरला जातो. कूटदन्त सुत्तात हाच विचार विधायक बाजूने आला आहे. कूटदन्त नावाचा ब्राह्मण शेकडो बैल, वासरे आणि बकऱ्या यज्ञासाठी बांधून बसलेला असताना बुद्ध त्याला एका प्राचीन राजाची कथा सांगतात. त्या राजाचा पुरोहित त्याला बजावतो की, मारून, बांधून किंवा हद्दपार करून दरोडेखोरी संपणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणे आणि जनावरांना वैरण द्यावी, व्यापार करू इच्छिणाऱ्याला भांडवल द्यावे, राजसेवकाला वेतन द्यावे. मग लोक आपापल्या कामात गुंततील आणि दारे उघडी टाकून निर्भयपणे राहतील. पुढे जो यज्ञ होतो त्यात पशू मारला जात नाही, झाड तोडले जात नाही आणि दंडाच्या भीतीने रडतरडत राबणारा एकही नोकर नसतो.

अर्थात यावरून बुद्ध समाजवादी होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. हा उपदेश राजाला केलेला आहे. रयतेने संघटित होऊन बियाणे मागावे असे त्यात नाही. उत्पादनाच्या साधनांवर मालकी कोणाची असावी याची मीमांसा तेथे शोधू नये. परंतु गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात आणि दारिद्र्याचे मूळ राज्यकर्त्याच्या कर्तव्यच्युतीत आहे, असे सांगणाऱ्या शिकवणीला केवळ मनःशांतीचा उपाय म्हणणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

सम्यक आजीव

आठ अंगांपैकी जे अंग आज सर्वांत सोयीस्करपणे विसरले गेले आहे, ते म्हणजे सम्यक आजीव. उपजीविका कशी मिळविली जाते, हा प्रश्न बुद्धांनी निर्वाणाच्या मार्गातच घातला, हे त्यांचे मोठे वेगळेपण आहे. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे, ते शस्त्रांचा, प्राण्यांचा व माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार हे होत. ही यादी तेव्हाच्या समाजाची आहे. तिच्यामागील तत्त्व इतकेच की, दुसऱ्याच्या हानीवर ज्याचे पोट चालते त्याचे चित्त कितीही ध्यान केले तरी निर्मळ होणार नाही.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात हे तत्त्व घर, शाळा आणि कामाची जागा येथपर्यंत आणले आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत असतो. बुद्ध त्याला सांगतात की, दिशांची पूजा अशी होत नाही. आईवडील ही पूर्व, गुरू ही दक्षिण, पत्नी व मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर, श्रमण-ब्राह्मण ही वरची दिशा, आणि नोकर व कामगार ही खालची दिशा होय. या प्रत्येक दिशेशी दोन्ही बाजूंची कर्तव्ये आहेत. कामगारांच्या बाबतीत धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. ज्याला जेवढे झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, घरात केलेल्या चांगल्याचुंगल्या पदार्थांत वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच कलमांच्या कसोटीवर आजच्या महाराष्ट्रातील ऊसतोडणीचे काम लावून पाहावे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेऊन हंगामभर राबावयाचे, आणि आजारपणामुळे काम बुडाले तर त्या दिवसाचा खाडा भरावयाचा, अशी तेथील रीत आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, तेव्हा पाळीच्या दिवसांत काम बुडू नये हेही त्यामागील एक कारण असल्याचे पुढे आले. आजारात शुश्रूषा करावी, वेळोवेळी सुट्टी द्यावी, या दोनच कलमांपुढे ही सारी व्यवस्था आरोपी म्हणून उभी राहते. त्या उसाची साखर विकून जो नफा होतो तो सम्यक आजीव ठरतो काय, हा प्रश्न धम्माच्या आतला आहे. तो बाहेरून चिकटविलेला नाही.

येथेही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. सिगालोवादात धनी धनीच राहतो आणि कामगार कामगारच. दोघांनी सद्भावनेने वागावे, अशी अपेक्षा आहे. धन्याने कर्तव्य केले नाही तर कामगाराने काय करावे, हे तेथे सांगितलेले नाही. ती उणीव आधुनिक काळात कामगार संघटनांनी आणि कायद्याने भरून काढली. परंतु हक्काची भाषा कितीही पुढे गेली तरी त्या हक्काला नैतिक अधिष्ठान लागते, आणि ते या पाच कर्तव्यांत सापडते.

संघाची शिस्त आणि संघाची भांडणे

मार्ग एकट्याने चालावयाचा नाही, म्हणून बुद्धांनी संघ स्थापन केला. संघाच्या नियमांचा विनयपिटक हा संग्रह पक्षाच्या कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावा असा आहे. शाक्य कुळातील राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. शाक्य अभिमानी आहेत, तेव्हा उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा अभिमान गळेल, अशी विनंती त्या राजपुत्रांनीच केली आणि ती मान्य झाली. पुढे हाच उपाली विनयाचा सर्वांत मोठा अधिकारी ठरला. भिक्षूची खाजगी मालमत्ता चीवर, भिक्षापात्र अशा मोजक्या वस्तूंपुरती होती. विहार आणि जमीन संघाची असे. वादग्रस्त प्रश्नावर शलाका वाटून बहुमत घेण्याची पद्धत होती. अतिसाराने आजारी पडून आपल्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्षूकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा आनंदाच्या मदतीने बुद्धांनी त्याला स्वतः धुतले आणि इतरांची कानउघाडणी केली. भिक्षूंना येथे आईबाप नाहीत, त्यांनीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार, हा त्यांचा प्रश्न होता.

संघातही फूट पडलीच. कौशांबीच्या भिक्षूंचे भांडण प्रसिद्ध आहे. एका भिक्षूच्या हातून घडलेली गोष्ट दोष मानावी की नाही, एवढ्या क्षुल्लक मुद्द्यावरून दोन तट पडले. अट्ठकथेनुसार शौचकूपातील भांड्यात पाणी उरविण्यावरून हा वाद झाला होता. बुद्धांनी पुन्हा पुन्हा समजावून सांगितले तरी दोन्ही तट ऐकेनात. बुद्धांनी थोडे बाजूला राहावे, आम्ही आमचे भांडण पाहून घेऊ, असे उत्तर त्यांना मिळाले. अखेर ते एकटेच कौशांबी सोडून निघून गेले. भांडण मिटविले ते तेथील सामान्य उपासकांनी. त्यांनी या भिक्षूंना वंदन करणे आणि भिक्षा घालणे बंद केले, तेव्हा दोन्ही तट मुकाट्याने श्रावस्तीला जाऊन समेट करून आले. तत्त्वाच्या नावाखाली अहंकाराचे भांडण कसे चालते आणि ज्यांच्या जिवावर संघटना जगते त्या जनतेने पाठ फिरविली की ते कसे संपते, याचा हा बोलका नमुना आहे. भारतातील समाजवादी पक्षांच्या फाटाफुटीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना त्यावर भाष्य करण्याची गरज नाही.

संघाचा गौरव करताना त्याची बंधनेही सांगितली पाहिजेत. मालकाच्या ताब्यातील दास, कर्जबाजारी माणूस आणि राजाच्या चाकरीतील सैनिक यांना प्रव्रज्या देऊ नये, असे नियम झाले. त्या काळच्या मालक, सावकार आणि राजा यांच्याशी संघाने केलेली ती तडजोड होती. महाप्रजापती गौतमीच्या आग्रहाने स्त्रियांना प्रवेश मिळाला, परंतु आठ गुरुधर्मांच्या अटी त्यांच्यावर लादल्या गेल्या; शंभर वर्षांच्या दीक्षेची भिक्षुणीही आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करील, अशी त्यांतील पहिली अट. हे नियम स्वतः बुद्धांचे की उत्तरकालीन, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणाचेही असोत, समतेच्या कसोटीवर ते उतरत नाहीत, असे स्पष्ट म्हणण्यात बुद्धांचा अनादर होत नाही. धर्माची तुलना तराफ्याशी करणाऱ्या आणि पैलतीरी गेल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरणे मूर्खपणाचे मानणाऱ्या गुरूची शिकवण तपासून घेण्यासाठीच आहे.

तीन वाचक

आधुनिक भारतात हा मार्ग अखंड वाचण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांतील तिघांचे स्मरण येथे आवश्यक आहे.

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी धम्माच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश येथे हिंडले. मोठा विद्वान म्हणून हार्वर्डपर्यंत त्यांची कीर्ती गेली; तरी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले आणि १९३७ पासून मुंबईत परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' काढून राहिले. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थांना वैराग्य आले ही रूढ कथा बाजूला ठेवली. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे, परस्परांविरुद्ध शस्त्रे उगारणाऱ्या समाजाचा उद्वेग हे गृहत्यागाचे कारण असल्याचे त्यांनी दाखविले. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण त्यांनी या संदर्भात पुढे आणले. आंबेडकरांनीही आपल्या ग्रंथात गृहत्यागाची मांडणी याच पाण्याच्या भांडणाभोवती केली. मार्गाचा आरंभच सामाजिक संघर्षातून झाला, असे या दोघांचे प्रतिपादन आहे.

आचार्य नरेंद्र देव हे १९३४ साली पाटण्याला भरलेल्या समाजवाद्यांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्ष. १९४२ नंतर अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना त्यांनी वसुबंधूच्या 'अभिधर्मकोश' या ग्रंथाच्या अनुवादाचे काम केले. १९५६ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, त्यांचा 'बौद्ध धर्म दर्शन' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मार्क्सवादाचा आणि शेतकरी चळवळीचा हा नेता तुरुंगात चित्ताच्या सूक्ष्म विश्लेषणाचा ग्रंथ घेऊन बसतो, यात विसंगती काहीच नाही. अन्यायाची रचना समजून घेण्यासाठी त्यांना एक शास्त्र लागले आणि अन्यायाशी लढणाऱ्या माणसाचे मन समजून घेण्यासाठी दुसरे.

तिसरे अर्थातच बाबासाहेब आंबेडकर. आर्यसत्यांविषयी शंका घेणाऱ्या या विचारवंताने दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचे अनुसरण आणि दहा पारमितांचे पालन यांचा आवर्जून समावेश केला. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की धम्मावाचून सुटका नाही, हा त्यांच्या विवेचनाचा मध्यबिंदू आहे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषणाचा अंत हे साध्य दोघांना मान्य असले तरी हिंसा आणि हुकूमशाही या साधनांनी आलेला बदल टिकत नाही, माणसाचे मन बदलून आलेला बदलच टिकतो, असे त्यांनी तेथे सांगितले. त्यानंतर सोळा दिवसांनी त्यांचे निधन झाले. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तेव्हा या इशाऱ्याची आठवण अनेकांना झाली. मालकी राज्याकडे गेली तरी अधिकाराची तृष्णा तेवढ्याने संपत नाही, आणि ती आपला पहारा आणि आपले शस्त्र नव्याने उभारते, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

कार्यकर्त्यापुढील काम

ध्यानाच्या साधनेला तुच्छ लेखण्याचे काहीच कारण नाही. इगतपुरीच्या केंद्रात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांची शिबिरे शुल्क न आकारता चालतात, आणि तेथेही आरंभ पंचशीलाच्या पालनानेच होतो. सम्यक व्यायाम म्हणजे मनात न आलेल्या वाईट वृत्तीला येऊ न देणे, आलेली घालविणे, न आलेली चांगली वृत्ती जागविणे आणि आलेली टिकविणे. सम्यक स्मृती म्हणजे आपल्या मनात आता काय चालले आहे याचे सतत भान. ज्या कार्यकर्त्याला सभेत आपले नाव वगळले गेल्याचा राग ओळखता येत नाही, तो त्या रागालाच तत्त्वनिष्ठा समजतो आणि संघटना फोडतो. कौशांबीपासून आजतागायत हे चालत आले आहे. चित्ताची शिस्त म्हणजे चळवळीतील पळवाट, हा समज म्हणूनच टाकून दिला पाहिजे.

तसाच उलट समजही टाकला पाहिजे. शील, आजीव आणि संघ यांचा प्रश्न न विचारता आपली स्वतःची शांती मिळविता येते असे जो सांगतो, तो बुद्धांनी ज्या आश्रमांतून बाहेर पाऊल टाकले त्याच आश्रमांत माणसाला परत नेतो.

करावयाचे काम मोठे असले तरी त्याचा आरंभ सोपा आहे. पक्षाच्या अभ्यासवर्गांत उत्पादनसंबंध शिकविले जातात, त्यांच्या जोडीला महानिदान आणि कूटदन्त ही सुत्ते वाचली जावीत. कामगार संघटनेच्या शिबिरात सिगालोवादातील पाच कर्तव्ये फळ्यावर लिहून एकेका उद्योगाला लावून पाहिली जावीत. वस्तीतील विहारात वंदना झाल्यानंतर तासभर तेथील तरुणांबरोबर बसून, ज्या मार्गाची प्रतिज्ञा त्यांच्या आजोबांनी घेतली त्यातील एकेका अंगाची चर्चा व्हावी. आणि तेथे पक्षाच्या कार्यकर्त्याने शिकविण्यासाठी न जाता शिकण्यासाठी जावे. हार घालण्याला यापेक्षा वेळ कमी लागतो हे खरे आहे. परंतु दुःख जाणून घ्यावयाचे असते आणि मार्ग वाढवावयाचा असतो, हे ज्यांनी सांगितले त्यांच्या प्रतिमेला हार घालून ही दोन्ही कामे टाळणे आता पुरे झाले.